चहाची पत्ती आणि तोंडाचा लेप



आजचा विषय ऐकून काही मंडळी हसतील. म्हणतील, चहा प्यायचा सोडून तोंडाला फासायचा, हे कुठलं नवं खूळ? पण जरा गावात, आळीत, मुलींच्या वसतिगृहात कानोसा घ्या. चहाच्या पाण्यात कोणी मुलतानी माती कालवते, कोणी डाळीचे पीठ, कोणी मध, आणि तो लगदा चेहऱ्यावर थापून बसते. एक मैत्रीण दुसरीला सांगते, तुझी कातडी तेलकट, तुला हे. माझी कोरडी, मला ते. काहींना त्याने बरे वाटते. काहींचे तोंड लालभडक होते आणि मग घरात रडारड. तेव्हा हसून सोडून देण्यापेक्षा ही चाल आली कोठून, तिच्यात जुने काय आणि नवे काय, खरे किती आणि बाजाराचे किती, हे नीट पाहावे, एवढ्यासाठी हे भाषण.

या गोष्टीत दोन धागे आहेत. एक लेपाचा, तो फार जुना. दुसरा चहाचा, तो त्या मानाने कालचा. आधी जुना धागा धरू.

दिवाळीच्या पहाटे अंगाला उटणे लागले नाही, असे मराठी घर विरळा. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, गव्हला कचरा ही नावे आपल्या आज्यांना तोंडपाठ असत. बाळाला न्हाऊ घालताना डाळीचे पीठ आणि साय, नवरानवरीला हळद, उन्हातान्हातून आल्यावर पायांना कोकम नाहीतर लोणी. या सगळ्याला कोणी दुकानात जात नसे. गेलेच तर काष्ठौषधींच्या दुकानात, आणि तेथूनही मुळ्या आणून घरीच कुटायच्या.

या घरगुती चालीला शास्त्राचा आधार किती जुना आहे, ते ऐका. सुमारे सातव्या शतकातील वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा वैद्यकग्रंथ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकला गेला. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याच्या नावाने आपण जुन्या देवळांना हेमाडपंती म्हणतो, त्याने तेराव्या शतकात या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी हा ग्रंथ शुद्ध करून मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध केला. म्हणजे या ग्रंथाशी महाराष्ट्राचे नाते जवळचे.

या ग्रंथात ‘मुखालेप’ म्हणून एक प्रकरण येते. मुखालेप म्हणजे तोंडाला लावायचा लेप. वाग्भट त्याचे तीन प्रकार सांगतो: दोष घालवणारा, विष उतरवणारा आणि कांती सुधारणारा. वात-कफाचा त्रास असेल तर लेप ऊन असावा, एरवी अगदी थंड. थर किती जाड द्यायचा, तर पाव बोट, बोटाचा तिसरा हिस्सा किंवा अर्धे बोट. शिवाय सहा ऋतूंचे सहा निरनिराळे लेप. शिशिरात तीळ आणि सडलेले जव. वसंतात वाळा आणि तांदूळ. ग्रीष्मात कमळाच्या जाती, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन. थंडीत स्निग्ध, उन्हाळ्यात गार. माणूस पाहून, ऋतू पाहून लेप ठरवायचा, हा विचार या मातीत तेरा-चौदाशे वर्षांपूर्वी पक्का झालेला होता.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा नियम. वाग्भट म्हणतो, लेप ओला आहे तोवरच ठेवावा. वाळलेला लेप कातडी बिघडवतो. काढताना तो पुन्हा भिजवून काढावा, आणि मग तेल लावावे. लेप तोंडावर असताना दिवसा झोपू नये, बडबड करू नये, चुलीपाशी आणि उन्हात बसू नये, शोक करू नये, रागावू नये. आता पाहा, आजच्या मुली काय करतात? लेप खडखडीत वाळेपर्यंत ठेवतात, तोंड ताणले गेले की म्हणतात ‘गुण आला’, आणि मग नखांनी खरवडून काढतात. जुना नियम याच्या अगदी उलट आहे, आणि आजचे त्वचारोगतज्ज्ञही कातडी फार कोरडी करू नका, असेच बजावतात.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या स्नानाचा थाट वर्णिला आहे: सुगंधी तेल, अंग रगडणे, तेल काढण्यासाठी सुवासिक चूर्णे. राजवाड्यात जो थाट, त्याचीच साधी आवृत्ती आपल्या मोरीत. मात्र या सगळ्या ग्रंथांत शोध घेतलात, तर चहा कोठेच सापडणार नाही. तो तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात नव्हताच.

आता दुसरा धागा. चहा मूळचा चीनकडचा. तेथे लू यू नावाच्या विद्वानाने आठव्या शतकात चहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जपानात एइसाई नावाच्या बौद्ध भिक्षूने १२११ साली चहा पिण्याने प्रकृती कशी राखावी यावर पुस्तक लिहिले. हिंदुस्थानात आसामचे सिंगफो लोक रानातल्या चहाची पाने पूर्वीपासून वापरत. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस हा स्कॉटिश गृहस्थ त्यांच्या सरदाराला भेटला. त्याला या झाडाची खबर दिली ती मणिराम देवान या आसामी गृहस्थांनी. १८३९ च्या जानेवारीत आसामी चहाच्या आठ पेट्यांचा लंडनमध्ये लिलाव झाला, आणि मळ्यांचा धंदा जोरात सुरू झाला. ज्या मणिराम देवानांनी ही वाट दाखवली, त्यांना इंग्रजांनी सत्तावनच्या उठावात भाग घेतला म्हणून १८५८ साली फाशी दिले. मळ्यांवर दूरदूरच्या गरीब मुलखांतून मजूर नेले, करारात बांधले. पाने खुडण्याचे काम मुख्यतः बायांच्या हातांनी झाले आणि आजही होते. चिमूटभर पत्ती वाया घालवताना हे हात आठवावेत.

गंमत अशी की, इतका चहा पिकत असूनही आपले लोक तो फारसे पीत नव्हते. पुण्यात १८९० साली जे झाले ते गुरुजींना ठाऊक असेलच. पंचहौद मिशनमध्ये शहरातील नामांकित मंडळी जमली, तेथे चहा-बिस्किटे पुढे आली, आणि त्यावरून सनातन्यांनी ग्रामण्य उभे केले. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताची भाषा झाली. तक्रार चहाच्या पानाबद्दल नव्हती, मिशनऱ्यांच्या घरच्या खाण्यापिण्याबद्दल होती, हे खरे; पण चहाचा पेला तेव्हा किती परका होता, तेही यातून दिसते.

मग हा परका पेला शेताच्या बांधावर कसा पोहोचला? आपोआप नाही पोहोचला. १९०३ साली सरकारने कायदा करून परदेशी जाणाऱ्या चहावर एक पट्टी बसवली, आणि तो पैसा चहाच्या प्रचारासाठी वापरला. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली, परदेशी गिऱ्हाईक आटले, तेव्हा मळेवाल्यांचे लक्ष देशातल्या गिऱ्हाइकाकडे अधिकच वळले. १९३७ साली चहाची बाजारपेठ वाढवण्यासाठीच एक मंडळ त्या नावाने काम करू लागले. स्टेशनांवर देशी भाषांतल्या पाट्या लागल्या, बाजारात फुकट पेले वाटले, चहा कसा करावा याची प्रात्यक्षिके झाली. त्यातच १९३० साली विल्यम मॅकर्चर याने आसामात पाने चिरडून, फाडून, वळून दाणेदार पत्ती काढणारे यंत्र बनवले. या दाण्याला रंग दाट, पैसा कमी. पुढच्या काळात ही पत्ती सर्वत्र पसरली, आणि दूध-साखर-आल्याचा चहा गरिबाघरीही परवडू लागला.

या प्रचाराला विरोध करणारेही होते. महात्मा गांधी १९४२ साली पुण्यात आगाखान महालात स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक लहान पुस्तक लिहिले. त्यात चहा उकळण्याबद्दल त्यांचा आक्षेप आहे. चहातले टॅनिन हे कातडे कमावायला लागते त्याच जातीचे द्रव्य, ते पोटात गेले तर आतील अस्तरावर तसाच परिणाम होतो, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. त्यांच्या या मताला आजचे वैद्यक जसेच्या तसे मानत नाही. पण टॅनिन ही वस्तू खरी, आणि ती आपल्या विषयाची किल्ली आहे.

शेतकरी बांधवांना टॅनिन समजावून सांगायला नकोच. हिरडा चघळला की जीभ आवळते ना? कच्चे केळे खाल्ले की तोंड बसते ना? तोच तुरटपणा. बाभळीची साल, तरवडाची साल कातडे कमावायला वापरत आले ते त्यासाठीच. कोरा चहा दाट झाला की तोही जिभेवर असाच ओढतो. चेहऱ्यावर लावला तर कातडी घटकाभर आवळते, तेलकटपणा थोडा कमी भासतो. तोंड धुतल्यावर काही वेळाने कातडी पूर्ववत होते. चहाच्या लेपाचा डोळ्यांना दिसणारा गुण बव्हंशी एवढाच.

हे द्रव्य शास्त्रज्ञांनी वेगळे काढले, त्यात एका बाईंचा मोठा वाटा आहे. जपानच्या मिचियो त्सुजिमुरा यांनी १९२९ साली हिरव्या चहातून कॅटेचिन हे द्रव्य निराळे केले, आणि १९३२ साली कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या जपानमधील पहिल्या स्त्री ठरल्या. हिरव्या चहात कॅटेचिन भरपूर असते. काळी पत्ती करताना पान हवेत आंबते, तेव्हा त्यातले बरेचसे बदलून त्याचे रंगद्रव्य बनते. २००६ साली अमेरिकेत हिरव्या चहाच्या अर्काच्या एका मलमाला विशिष्ट जातीच्या चामखिळींसाठी औषध म्हणून मान्यता मिळाली. म्हणून कोणी म्हणेल, बघा, चहा औषध आहे! पण थांबा. ते मलम म्हणजे मोजूनमापून, शुद्ध करून, दाट केलेला अर्क. वाटीतला चहा म्हणजे ते मलम नव्हे. उसाचा रस आणि साखर यांत जेवढे अंतर, त्याहून हे मोठे.

आता हे दोन धागे जुळले कोठे? माझ्या मते ते आधी जुळले केसांपाशी. केसांना लावायची मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्याने भिजवण्याची चाल आपल्या बायकांत चांगली रुळलेली आहे. त्यात रसायनशास्त्र आहे: चहाच्या तुरट द्रव्याला लोखंड मिळाले की काळसर रंग तयार होतो. जुनी शाई अशाच युक्तीने करीत. घरात चहा रोज होऊ लागला, कोरे पाणी हाताशी आले, आणि जुन्या उटण्यात जेथे ताक नाहीतर गुलाबपाणी पडे तेथे चहा पडू लागला. लेपाची रीत जुनी, त्यात पातळ घालायची वस्तू नवी.

तेलकट कातडी, कोरडी कातडी ही आजची भाषाही थोडी तपासली पाहिजे. आपल्याकडे वात-पित्त-कफ होते, ऋतू होते. कोरडी, तेलकट, साधारण अशी वर्गवारी सौंदर्याच्या व्यापारात रुजवण्याचे श्रेय बहुधा हेलेना रुबिनस्टाइन या बाईंना देतात. पोलंडमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या या बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी मेलबर्नला मलमांचे दुकान काढले, आणि पुढे युरोप-अमेरिकेत नाव कमावले. वर्गवारी उपयोगी आहे, यात शंका नाही. पण प्रत्येक वर्गाला वेगळी डबी विकता येते, ही सोयही तीत आहे. त्यामुळे वर्ग ओळखा, डबी विकत घेतलीच पाहिजे असे नाही.

ओळखायचे कसे? सकाळी साध्या पाण्याने तोंड धुवा, पुसा, आणि तासभर काही लावू नका. सगळे तोंड चकचकीत झाले तर कातडी तेलकट. ओढल्यासारखे वाटले, पांढुरके झाले तर कोरडी. नाक-कपाळ तुळतुळीत आणि गाल कोरडे तर मिश्र. उन्हाळ्यात आणि थंडीत उत्तर बदलू शकते; वाग्भटाचे सहा लेप आठवा.

लेपासाठी चहा घ्यावा तो कोरा. दूध, साखर, आले, मसाला काही नको. दुधातली प्रथिने चहाचे तुरट द्रव्य धरून ठेवतात, साखर चिकटते, आल्याने जळजळ होते. पत्ती उकळत्या पाण्यात टाकून, गाळून, पूर्ण गार करावी आणि त्याच दिवशी वापरावी. रात्रभर राहिलेल्या ओल्या चोथ्यावर बुरशी धरते, तो तोंडाला नको. गाळलेली पत्ती कातडीवर घासू तर मुळीच नये. तिचे दाणे बारीक असले तरी टोचरे असतात.

तेलकट कातडीला दोन चमचे मुलतानी मातीत गार चहा घालून पातळसर लेप करावा. आठ-दहा मिनिटे पुरे, आणि आठवड्यातून एकदाच. मिश्र किंवा साधारण कातडीला डाळीचे पीठ, थोडे दही आणि चहा. कोरड्या कातडीला चहा हा मुळात फारसा मानवणारा नाही, कारण तुरट वस्तू तिला आणखी ओढते. लावायचाच तर साय जास्त, चहा चमचाभर, आणि धुतल्यावर खोबरेल तेलाचा हात. नाजूक, पटकन लाल होणाऱ्या कातडीला लेपच नको. गार कोऱ्या चहात स्वच्छ फडके बुडवून, पिळून, पाच मिनिटे ठेवले तर थंडावा मिळतो. जर्मनीत काही त्वचारोगतज्ज्ञ चेहऱ्याच्या दाहावर अशा चहाच्या घड्या ठेवतात. कोणताही लेप असो, आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा. खाज सुटली, पुरळ आले, तर तो आपला नव्हे. आणि वाळण्याआधी भिजवून काढावा, हा जुना नियम सर्वांना सारखाच.

त्यात लिंबू पिळणे आणि खाण्याचा सोडा घालणे मात्र टाळा. लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग उरतात. पुवाचे मोठे फोड, पसरत जाणारे गजकर्ण, आणि विशेषतः बधिर झालेला फिकट चट्टा यांवर कसलाही घरगुती लेप थापून दिवस काढू नका. सरळ आरोग्य केंद्रात जा. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते, आणि वेळेवर घेतले तर माणूस पूर्ण बरा होतो.

आता शेवटची आणि सर्वांत कठीण गोष्ट. मुली हे लेप कशासाठी लावतात? स्वच्छतेसाठी लावतात तर उत्तमच. पण पुष्कळदा कारण वेगळे असते. घरात कोणी तरी म्हटलेले असते, ‘पोरगी काळी आहे, स्थळं कशी येणार?’ ती लेकरू मग चहा, हळद, लिंबू, बाजारातली मलमे, सगळे लावून पाहते. जुन्या ग्रंथांतही कांती सुधारण्याचे लेप आहेत, ते मी वर सांगितलेच. रंगाचा हव्यास केवळ परक्यांनी आणला, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. पण त्याचा मोठा व्यापार झाला तो अलीकडे. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातच गोरेपणाचा शब्द होता. तो काढायला २०२० साल उजाडले. गोरे करतो म्हणून विकल्या गेलेल्या काही मलमांत पारा सापडलेला आहे, आणि पारा मूत्रपिंडे बिघडवतो. वैद्याच्या चिठ्ठीवाचून वर्षानुवर्षे लावलेल्या स्टेरॉइडच्या मलमांनी कातडी पातळ होते, फोड येतात, केस वाढतात. कातडीचा जन्माचा रंग ठरतो तो तिच्यातल्या मेलॅनिनवरून. ते आपल्या उन्हाच्या मुलखात कातडीचे संरक्षण करते. चहाने ते धुऊन जात नाही, आणि जाण्याची गरजही नाही. ही गोष्ट मुलींना जितकी सांगायची, तितकीच, किंबहुना अधिक, त्यांच्या आईबापांना सांगायची आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यासाठी वर्गात एक तास काढा. एका पेल्यात कोरा चहा घ्या, त्यात स्वच्छ लोखंडी खिळा टाका, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा रंग मुलांना दाखवा. तुरट द्रव्य म्हणजे काय, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही. आणि इतिहासाच्या वहीसाठी प्रत्येक मुलाला घरी धाडा. आजीला विचारून यायचे: तुमच्या लहानपणी उटण्यात काय काय घालीत? तुमच्या घरात पहिला चहा कधी झाला, कोणी आणला, आणि कोणी नाक मुरडले? मुलगेही विचारतील, मुलीही विचारतील. आजीचे नाव, गाव आणि साधारण साल लिहून घ्या. आज्या थकत चालल्या आहेत, आणि त्यांच्या उटण्यांची नावे आपण अजून कोठे लिहून ठेवलेली नाहीत.